वडगावच्या नक्ष्या राखणारी थोरली

मी थोरली बोलतेय. कारखान्यातून निघाले तेव्हा मला नाव नव्हतं. रक्षानं माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनानं 'थोरली' लिहिलं. तळहाताएवढी काळी डबी आणि वीतभर वायर, एवढीच मी. लोक मला हार्डडिस्क म्हणतात.

रक्षा ही वडगावातल्या तम्मण्णा विणकराची लेक. घरात चार माग. साड्यांचे काठ-पदर तम्मण्णा पूर्वी चौकटीच्या कागदावर काढायचा, आता संगणकावर काढतो. त्याचे वडील महादेव वारले, आणि त्यांनी जन्मभर काढलेल्या कागदांना वाळवी लागली. वाचले तेवढे रक्षानं स्कॅन करून संगणकात घातले. पुढं कागदांचा भुगाच झाला. दोन पिढ्यांचं काम एका यंत्राच्या पोटात! ते बंद पडलं तर काय, या काळजीपोटी मी घरात आले.

माझ्याबरोबर माझी जुळी बहीण आली, धाकटी. रोज संध्याकाळी सहा वाजले की संगणक आपणहून सगळ्या नक्ष्यांच्या नकला आमच्यापैकी जी जोडलेली असेल तिच्यात उतरवतो. दुसरी त्या आठवड्यात विमानतळाजवळच्या सांबऱ्याला, तम्मण्णाची बहीण गुणाबाई हिच्या कपाटात. दर सोमवारी तम्मण्णा गाडीला किक मारतो आणि आमची अदलाबदल करतो. रक्षाचा नियम एकच होता, "आप्पा, दोघी एका छपराखाली नकोत. चोरी होऊ दे, आग लागू दे, एक तरी राहील."

मला ही ये-जा फार आवडायची. वडगाव म्हणजे सासर, कामच काम. सांबरा म्हणजे माहेर. गुणाबाई मला खणाच्या कापडात गुंडाळून ठेवते, वरून विमान गेलं की कपाट थरथरतं, बाकी आराम. आणि आमच्या निमित्तानं भाऊ दर आठवड्याला बहिणीकडं चहाला येतो. आधी दिवाळीलाच तोंड दाखवायचा.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी माग थांबतात. धोटे, कात्र्या, पाने, सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. तम्मण्णाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो सकाळीच सांबऱ्याला जाऊन मला घेऊन आला.

रक्षा म्हणाली, "आप्पा, हिला कशाला आणलासा?"

"अगं, ही बी हत्यारच की. एकीला कुंकू आन एकीला न्हाय, बरं दिसतंय व्हय?"

"पण नियम?"

"एका दिसानं काय हुतंय गं!"

खरं सांगते, मलाही गुदगुल्या झाल्या. आमची पूजा कोण करतो हो? तम्मण्णाची आई जयाबाई हिनं मनापासून केली. वायरी काढून आम्हा दोघींना न्हाऊमाखू घालावं तसं ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. संगणकावर तर फुलानं पाणीही शिंपडलं, चांगलं तीनदा.

दसऱ्याच्या सकाळी तम्मण्णानं संगणकाचं बटण दाबलं. 'फट्' झालं, जळका वास आला, संपलं. शेजारचा कुमार संगणक दुरुस्त करतो. त्यानं उघडून पाहिलं आणि मान हलवली. "अण्णा, आतली डिस्क बी गेली."

रक्षानं स्वतःचा लॅपटॉप आणला. आधी धाकटीला जोडलं. तिच्यात पाणी शिरलं होतं. बिचारी एकदा लुकलुकली आणि कायमची गप्प झाली. मग माझी पाळी. वायर आतच जाईना. माझ्या तोंडात कुंकू आणि तांदूळ गच्च बसले होते.

जयाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्याच हातानं घालवलं रं त्यांचं सगळं," म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. कुंकू लावणाऱ्या हाताचा मला राग आला नाही, पण भीती वाटली. आपल्यात सगळं शाबूत आहे आणि आपल्याला ते सांगता येत नाही, याहून वाईट काही नसतं.

"आई, तू न्हाय, मी आणलं दोघींस्नी एका छपराखाली," तम्मण्णा म्हणाला. "नियम मी मोडला."

कुमारनं सुई घेतली, मऊ ब्रश घेतला. एकेक कण काढला. तासभर मला पंख्याखाली वाळवलं. मग रक्षानं श्वास रोखून वायर लावली आणि माझा दिवा लागला. हळूहळू पडद्यावर नक्ष्या उमटू लागल्या. रक्षा ओरडलीच, "आप्पा, हाय! सगळं हाय!"

सगळं नव्हतं. मी आठवडाभर माहेरी होते, त्या आठवड्याचे दोन काठ गेले. "ते माझ्या हाताला ठावं हाईत," तम्मण्णा म्हणाला, "पुन्ना काढतो."

रक्षा पडद्यावर महादेवांची पानं सरकवत असताना जयाबाई एकदम म्हणाली, "थांब!" कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जयाची साडी'. हा काठ कधी विणलाच नव्हता. गिऱ्हाइकांच्या साड्यांपुढं घरच्या बाईची राहूनच गेली. बायकोलाही सांगितलं नव्हतं त्यांनी. जयाबाई हसली, रडली, नि पुन्हा हसली. दिवाळीआधी मागावर पहिली ती साडी चढली.

आता दोन नव्या बहिणी आल्यात आणि त्यांची वडगाव-सांबरा वारी नीट चालू आहे. माझं तोंड सैल झालंय, म्हणून मला कामावरून काढलं. कुमार मला भंगारात टाकणार होता. जयाबाईनं टाकू दिलं नाही. मी तिच्या ट्रंकेत असते, त्या साडीच्या घडीत. मजेत आहे.

जाता जाता एकच सांगते. माझ्यासारखी एखादी तुमच्याही कपाटात असेल. तिची पूजा केली नाही तरी चालेल, पण आज तिला जोडून एकदा उघडून बघा. उघडली तर निवांत झोपा. नाही उघडली, तर नवी नक्कल काढायला अजून वेळ आहे. तुमचा संगणक अजून चालतोय.