सुंदराबाईची शेळी

धारूरच्या बाजारातून आणलेल्या शेळीला चार दिवस शेंबडासारखी हागवण लागली होती. सुंदराबाईनं घरचा इलाज काढला: डाळिंबाची साल उकळून तो काढा पाजायचा आणि शेळीचं पोट बांधायचं, म्हणजे हागवण थांबवायची. पातेलं चुलीवर चढलं, तोच जनावरांच्या डॉक्टरकीला शिकणारी तिची लेक अपेक्षा धावत आली आणि तिनं ते खाली उतरवलं.

"माय, पोट बांधू नको!"

"लई शानी झालीस! मग काय नुसतं बघत बसू?"

अपेक्षानं हागवणीतला दोऱ्यासारखा जंत काडीनं उचलून दाखवला. "आतड्याच्या अस्तरात राखणीच्या पेशी असत्यात. जंताची चाहूल लागली की त्या हाळी देत्यात. मग शेजारच्या पेशी बुळबुळीत चिकटा सोडत्यात, आतडं जोर लावून ढकलतं, अन् जंताला धरायला जागाच उरत न्हाई. औषध मी पाजलंय. बाकीचं तिचं पोटच करतंय."

सुंदराबाईनं चाळीस सुग्या ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखण्यात काढल्या होत्या. तिनं हाळी दिली की शेतातली सगळी माणसं डबे बडवायची आणि पाखरांचा थवा भर्रकन उठायचा. ती खदखदून हसली आणि तिनं शेळीच्या पोटाला कान लावला. आत गुरगुर चालली होती.

तेवढ्यात शेजारच्या विमलबाई ओटीत डाळिंबाची आणखी साल घेऊन आल्या. "बाई, अजून उकळायची का?"

"न्या माघारी!" सुंदराबाई कडाडली. "आमची शेळी आत डबे बडवतीय, अन् तुमी तिचे हात बांधाया आलाव व्हय?"