लालचा शेवटचा श्वास

"माझ्याबद्दल आहे का काही, बघ," असं हिरव्याने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा बायकोने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, चष्मा नाकावर चढवला आणि त्याच्याकडून फोन काढून घेतला. बराच वेळ ती अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिली.

"आहे एक," ती शेवटी म्हणाली. "'आज हिरवा होता का?' असं विचारलंय कुणीतरी."

बाकी सगळं लालचं होतं. ते हिरव्यालाही ठाऊक होतं, कारण मालिका संपल्यापासून त्याने चाहत्यांचं ते पान पुन्हापुन्हा वाचून काढलं होतं. दर रविवारी सकाळी ती जपानी मालिका आपल्या भाषेत लागायची आणि शेवटची नावं पडद्यावरून सरकायच्या आत चाहते त्या पानावर तुटून पडायचे. पाच रंगांचे पाच वीर, डोक्याला हेल्मेट, दर आठवड्याला नवा राक्षस. राक्षसाने मार खाल्ला की तो इमारतीएवढा व्हायचा. मग पाचही वीर आपापली गाडी घेऊन यायचे आणि त्या पाच गाड्या जोडून एक प्रचंड पुतळा उभा राहायचा. त्यात लालच्या गाडीचं डोकं व्हायचं आणि छाती. हिरव्याच्या गाडीचा डावा पाय.

आपला हिरवा म्हणजे त्या डाव्या पायाचा आवाज. आठवडाभर रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीचे नमुने दाखवायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत जाऊन "मागे सरका, स्फोट होणार आहे" असं ओरडायचं, हे त्याचं कित्येक वर्षं चाललं होतं. स्टुडिओतल्या लोकांनी आडनाव असल्यासारखं त्याला 'हिरवे' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

लालचा आवाज होता त्याचा जुना दोस्त, लाल्या. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच हौशी मंडळीत नाटकं केलेले. मालिकेसाठी आवाज हवेत हे हिरव्याला कळलं तेव्हा एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून तो लाल्याला सोबत घेऊन गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाल्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून शेंगदाण्याची पुडी फोडत होता. डायरेक्टर बाई म्हणाल्या, बसलाच आहात तर तुम्हीही चार ओळी वाचा. त्याने हात पुसले, वाचल्या आणि लाल झाला. हिरव्याने लालसाठी आठ दिवस आरशासमोर घोकलेल्या ओळी तशाच घशात राहिल्या.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलं नाही. वरवर मैत्री होती, खोटी नव्हती. पण दर रविवारी लाल्याचा फोन यायचा आणि तो पानावरच्या प्रतिक्रिया हिरव्याला मोठ्याने, अगदी चढउतार देऊन वाचून दाखवायचा. "ऐक, ऐक, ही बाई काय म्हणते, लालचा आवाज ऐकला की तिला धीर येतो." हिरवा "वा, वा" म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर चहात साखर नाही म्हणून बायकोवर खेकसायचा. साखर असायची.

आज लाल्या दवाखान्यात होता, त्याचा फोन येणार नव्हता. आणि आजच पानावर अभूतपूर्व रडारड चालली होती, कारण आजच्या भागात लाल मेला होता. उरलेल्या चौघांना वाचवताना त्याच्या छातीत राक्षसाचा भाला घुसला, तो हिरव्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, बोलता बोलता थांबला, आणि मग नुसता एक श्वास घेतला. लांब, अडकत अडकत, मध्येच विसरल्यासारखा. तो सुटल्याचं ऐकू आलंच नाही.

"तो श्वास," एकाने लिहिलं होतं. "हेल्मेट होतं, तोंड दिसत नव्हतं, तरी मला त्याचा चेहरा दिसला." दुसरा लिहीत होता, "मी बँकेत नोकरी करतो, मला दोन मुलं आहेत, आणि मी आत्ता न्हाणीघरात नळ सोडून रडतोय." एक मुलगी म्हणत होती की जपानी आवाजातही हा प्रसंग तिने पाहिलाय, पण आपल्या लालने घेतलेल्या श्वासाची त्याला सर नाही. त्याखाली बदामांची रांग लागली होती.

हिरव्याच्या अंगाचा तिळपापड होत होता तो एवढ्यासाठी, की तो श्वास लाल्याने घेतलाच नव्हता. हिरव्याने घेतला होता.

या धंद्यातली एक रीत बाहेरच्या कुणाला माहीत नसते. आधी शब्द घेतात आणि श्वास शेवटी. धापा, कण्हणं, मार खाल्ल्याचे हुंकार हे सगळं काम संपता संपता एकदमच उरकायचं. तोवर ज्याचं काम झालं तो घरी गेलेला असेल तर जो बाकावर बसला असेल त्याने त्याचे श्वास द्यायचे. त्याची कुठे नोंद नसते, श्वासाला नाव नसतं. हिरवा नेहमी बाकावरच असायचा, म्हणून त्याने आजवर राक्षसांना कण्हणं दिलं होतं, म्हाताऱ्यांना खोकला दिला होता आणि एकदा तर घोड्याचं फुरफुरणंही.

त्या दिवशी लाल्याचा घसा फारच बसला होता. कित्येक महिने बसलेलाच होता, पण त्या दिवशी अंगात तापही होता. शब्द त्याने कसेबसे ओढून काढले. श्वासाची वेळ आली तेव्हा नुसता खोकला निघाला. पुन्हा घेतला, पुन्हा खोकला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान खाली घातली, आणि रेकॉर्डिस्ट म्हणाला, झालं साहेब, मस्त झालं, घरी जा. वहिनी त्याला न्यायला आल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो बाहेर पडला. मग बाई म्हणाल्या, "हिरवे, एवढं करून द्याल?"

माइकसमोर उभं राहताना हिरव्याच्या मनात दोस्ताबद्दल काही फार चांगलं आलं, असं सांगायला हवं. पण तसं नव्हतं. त्याच्या मनात आलं, बघ लाल्या, तुझं मरण मी तुझ्यापेक्षा चांगलं मरून दाखवतो. तेवढ्यात दाराच्या काचेतून त्याला लाल्या दिसला. बाहेरच्या पॅसेजमध्ये तो भिंतीला टेकून थांबला होता, आणि वहिनी त्याच्या गळ्याचं बटण सैल करत होत्या. रेकॉर्डिंगचा दिवा लागला आणि हिरव्याने श्वास घेतला. त्यात किती जळणं होतं आणि किती काय, ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

आणि आता त्या श्वासावर हा नागोबा आयता येऊन बसला होता.

हिरव्याने बायकोकडून फोन परत घेतला आणि एका बोटाने लिहायला लागला. 'तो श्वास लालच्या आवाजाचा नाही. तो मी घेतला आहे. मी हिरवा.' वाचून पाहिलं. 'मी हिरवा' खोडलं, पुन्हा लिहिलं.

"अहो," बायको म्हणाली. "आधी त्याला सांगून या. मग खुशाल टाका. त्याच्या पाठीमागे नको."

"तो कोण लागून गेला? माझं काम आहे ते."

"तुमचंच आहे. पण उद्या त्याचा घसा कापतायत."

हे तो विसरला नव्हता. घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टर आवाजाची पेटीच काढून टाकणार होते. हिरव्याने रागारागाने शर्ट चढवला. लिहिलेलं तसंच ठेवलं, म्हणजे दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या टाकता येईल.

वॉर्डात लाल्या उशाला टेकून बसला होता. गळा बारीक झाला होता, डोळे मात्र लग्नघरातल्यासारखे. वहिनी स्टुलावर बसून फोन त्याच्या समोर धरत होत्या. हिरव्याला पाहताच त्या उठल्या आणि म्हणाल्या की बरं झालं तुम्ही आलात, सकाळपासून हे वाचतायत, मला म्हणतात मोठ्याने वाच, पण माझ्या वाचण्याने त्यांचं समाधान होत नाही. आणि पाणी आणायला गेल्या.

हिरवा स्टुलावर बसला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं. लाल्या, रागावू नकोस, पण एक गोष्ट लोकांना कळायला हवी. तो तोंड उघडणार तेवढ्यात लाल्याने त्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळ ओढलं. आवाज फारसा उरलाच नव्हता, नुसती कुजबुज होती.

"ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"तो श्वास. हिरव्या, मला वाटलं होतं त्या दिवशी मी सगळी माती केली. घरी जाऊन रडलो मी. हिला विचार. म्हटलं शेवटचं काम, आणि ते असं. आणि आज ऐकतो तर..." त्याला दम लागला. तो थांबला. "तापात होतो म्हणून जमलं असेल. शुद्धीत जमलं नसतं मला."

हिरव्याला त्याची दया आली असं म्हणणं खोटं ठरेल. आधी रागच आला. इतकी वर्षं माइकसमोर उभा राहिलेल्या माणसाला स्वतःचा श्वास ओळखू येऊ नये? मग त्याच्या लक्षात आलं की लाल्याला तो ओळखायचाच नाही. उद्या सकाळी जो गळा कापला जाणार आहे त्यातून काहीतरी चांगलं निघालं होतं, एवढंच त्याला जाताना बरोबर हवं आहे. मांडीवरच्या पिशवीत फोन होता आणि फोनमध्ये ते वाक्य होतं.

"हिरव्या, खरं सांग. जमलं ना?"

हिरव्याने मूग गिळले. ते काही सहज उतरले नाहीत.

"बँकेतला माणूस नळ सोडून रडला," तो म्हणाला. "आण तो फोन. वहिनींना वाचता येत नाही नीट, मी वाचतो."

आणि त्याने पहिल्यापासून सगळ्या प्रतिक्रिया चढउतार देऊन वाचून दाखवल्या. वाचताना मध्येच त्याला वाटलं की आपली स्तुती आपणच दुसऱ्याच्या नावाने वाचतोय, असा गाढव जगात दुसरा नसेल. घरी आल्यावर बायकोने टाकलंत का म्हणून विचारलं. तो म्हणाला, खोडलं. त्या संध्याकाळी चहात साखर खरोखरच नव्हती आणि तो तसाच प्यायला.

त्या मालिकेत मेलेला वीर फार दिवस मेलेला राहत नाही. दोन-तीन भागांनंतर प्रकाशाच्या झोतातून लाल परत आला आणि बाईंनी हिरव्याला बोलावून घेतलं. लाल तुम्हीच करा, त्याचा सूर तुमच्याइतका कुणाला माहीत आहे, त्या म्हणाल्या. हिरव्यासाठी नवा कुणीतरी शोधू. हिरव्याला आनंद झाला, लपवण्यात अर्थ नाही. तो दवाखान्यात जाऊन लाल्याच्या कानावर घालून आला. लाल्याच्या गळ्यात आता नळी होती. त्याने हिरव्याचा हात घेतला आणि पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक केलं. एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो, असं त्यांचं ठरलं होतं.

रविवार उजाडला. हिरव्याने मालिका उभं राहूनच पाहिली. आपला आवाज छातीतून आणि डोक्यातून येताना ऐकला, डाव्या पायातून नाही. नावं सरकायला लागली आणि तो फोन घेऊन खिडकीशी बसला.

"अहो, काय म्हणतायत?" बायकोने आतून विचारलं.

ती बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावरून वाचायला लागली. 'लालचा आवाज बदलला? का?' 'बरा आहे, पण तो नाही.' 'नवा हिरवा मात्र मस्त, जुन्यापेक्षा किती जिवंत.' आणि सगळ्यांच्या वर, बदामांच्या रांगेसकट, एक लांबलचक: 'नव्या लालला हात जोडून विनंती. ज्याने तो शेवटचा श्वास घेतला त्या माणसाला शोधा, त्याच्या पायाशी बसा आणि श्वास कसा घेतात ते शिका. तुम्हाला ते सात जन्मांत जमणार नाही.'

बायकोने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, ते त्याला कळलं नाही. त्याचं त्यालाही कळत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यावर जळण्यात गेली आणि आता स्वतःवरच जळायची पाळी आली होती.

तेवढ्यात फोन वाजला. लाल्याचा होता. नेहमीच्या वेळेला, रविवारचा. पलीकडून शब्द येणार नव्हते. नळीतून जाणारी हवा तेवढी ऐकू येत होती, खरखरीत.

"वाचू?" हिरव्याने विचारलं.

टक टक.

त्याने वाचलं. नवा हिरवा मस्त आहे, तेही वाचलं, गाळलं नाही. मग ते लांबलचक घेतलं, पायाशी बसण्यापासून सात जन्मांपर्यंत, एकही शब्द न चुकवता, जिथे चढवायचा तिथे आवाज चढवून. नळीतली खरखर थोडा वेळ थांबल्यासारखी वाटली आणि पुन्हा सुरू झाली.

"पुन्हा वाचू?"

टक टक.

हिरव्याने खाकरून घसा साफ केला, फोन जरा लांब धरला आणि पहिल्यापासून वाचायला लागला, या वेळी सावकाश.