रांग सोडून गेलेली माणसं

ज्या घरात कॉलेजात जाणारं मूल आहे, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "उद्या सकाळी द्यायचंय आणि मला काहीच येत नाही!" मग घरभर धावपळ होते. बाबांना संख्याशास्त्र आठवत नाही, आईला प्रोग्रॅम कळत नाही, मोठा भाऊ "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढं सांगून मोकळा होतो. अशा वेळी कोणीतरी हळूच एक फोन नंबर देतं. आपल्या या गोष्टीतला नंबर उत्तरवाल्यांचा होता.

उत्तरवाले हे नाव मुलांनी ठेवलेलं. गृहस्थ तिशी ओलांडलेले, आत्याच्या घरी लहानाचे मोठे झालेले आणि अजून तिथेच राहणारे. आधी ते एका विमा कंपनीत आकडेमोड करत. कंपनीने ती शाखा बंद केली तेव्हा त्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. नफातोटा असो, सरासरी असो, संगणकाचा प्रोग्रॅम असो, संध्याकाळी प्रश्न पाठवा, सकाळी उत्तर तयार. मुलं पास होत होती, घर चालत होतं. कोणाचं काय जातं, असं त्यांना मनापासून वाटे.

हात इतका बसला होता की ते प्रश्न पूर्ण वाचतही नसत. वरचा मजकूर म्हणजे पाल्हाळ, असा त्यांचा अनुभव. ते सरळ प्रश्नचिन्ह शोधत आणि तेवढ्याच वाक्याचं उत्तर देत.

एकदा व्यवसाय व्यवस्थापनाच्या वर्गाला मोठा गृहपाठ मिळाला. सार्वजनिक दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी उभं राहायचं, माणसांना किती वेळ थांबावं लागतं ते टिपायचं, त्यावरून सरासरी काढायची, संगणकावर ती रांग चालवून बघायची आणि शेवटी सांगायचं : दोन खिडक्यांपैकी एक बंद केली तर चालेल का? प्रश्नचिन्ह तिथेच होतं. त्याच्या वर एक ओळ होती, "सर्वांत चांगला अहवाल दवाखान्याच्या व्यवस्थापनाला दिला जाईल." तिला प्रश्नचिन्ह नव्हतं, म्हणून ती वाचली गेली नाही.

वर्गप्रतिनिधी असलेली मुलगी हुशार होती, पण स्नेहसंमेलनाच्या तयारीत बुडालेली. तिने गृहपाठ उत्तरवाल्यांकडे सरकवला. दवाखान्यात जायला त्यांनाही सवड कुठे होती? त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या संगणकाकडून थांबण्याच्या वेळा तयार करून घेतल्या. त्यातल्या काही फारच लांबल्या, आलेख एका बाजूला ओघळल्यासारखा दिसू लागला. चित्र बिघडतं म्हणून त्यांनी त्या पुसून टाकल्या. निळ्या पाटीवर नारिंगी पट्ट्यांचा देखणा आलेख उभा राहिला. शेवटी लिहिलं, "एक खिडकी पुरेशी आहे." वर्गप्रतिनिधीने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली आणि विषय संपला.

काही आठवडे गेले. आत्याचं वय सत्तरीच्या पुढचं. एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिची हयात गेली होती, त्यामुळे चूक दिसली की तिचा हात शिवशिवायचा, मग ती चूक कागदावर असो की भाच्याच्या शर्टाच्या गुंडीत. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ती स्वतःच दवाखान्यात जायची. त्या दिवशी ती पिशवी हलवत परत आली.

"गोळ्या नाही मिळाल्या?" उत्तरवाल्यांनी विचारलं.

"गोळ्या आहेत भरपूर. माझेच पाय संपले. एक खिडकी बंद केलीय मेल्यांनी. रांग पार दारापर्यंत."

"आज गर्दी असेल. परवा जा."

"परवाही गेले होते," आत्या म्हणाली आणि चपला काढून खोलीत गेली.

भाच्याचे डोळे पडद्यावर होते. कोणाचा तरी ताळेबंद जुळत नव्हता. "मी आणून देतो," असं ते म्हणाले खरे, पण ते म्हणणं दुसऱ्या दिवसावर गेलं आणि तिथून पुढच्या आठवड्यावर. इकडे आत्याने उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवायला सुरुवात केली. भाच्याला त्रास नको, हा तिचा जुना हट्ट.

एके सकाळी न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. उत्तरवाले धावले. आत्या जमिनीवर बसली होती, कपाळावरून रक्त येत होतं आणि एवढं होऊनही ती नळ बंद करायला सांगत होती.

त्याच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. "गोळ्या अर्ध्या करायला कोणी सांगितलं तुम्हाला?" त्या आत्याला रागवल्या. मग भाच्याकडे वळल्या. "आज थोडक्यात निभावलं. दर वेळी निभावेलच असं नाही. पूर्ण गोळ्या आजच सुरू करा."

उत्तरवाले चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच. पुढे एक बाई कडेवरचं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. बराच वेळ गेला, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. मूल रडायला लागलं तशी बाईने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि ती निघून गेली. कामाच्या कपड्यातला एक माणूस घड्याळ बघून पुटपुटला, "साहेब आता कामावर घेणार नाही," आणि तोही गेला. रांग थोडी पुढे सरकली. मागच्यांना बरंच वाटलं!

बंद खिडकीच्या काचेवर एक नोटीस होती. "शास्त्रीय अभ्यासातून असं आढळून आलं आहे की..." आणि खाली निळ्या पाटीवर नारिंगी पट्टे.

हा तर आपलाच आलेख! उत्तरवाल्यांनी मान पुढे काढून पुन्हा पाहिलं. आत्याच्या कपाळावरचे टाके आपणच घरच्या खुर्चीत बसून घातले, असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि गोळ्या हातात पडेपर्यंत ती गेली नाही.

घरी येऊन त्यांनी आत्याला सगळं सांगितलं. आत्या उशाला टेकून ऐकत होती.

"ती नोटीस मी वाचली होती," ती म्हणाली. "शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या होत्या तिच्यात. तिसरी चूक घरात बसलीय हे नव्हतं मला माहीत."

"आत्या, मुद्दाम नाही केलं गं. मला वाटलं, कॉलेजचा गृहपाठ, कोण वाचतंय!"

"न वाचण्यासाठी कोणी गृहपाठ देतं का रे? ती मुलं उद्या दवाखाने चालवणार, कारखाने चालवणार. त्यांनी आज रांगेत उभं राहायचं होतं. पाय दुखले असते, तर कळलं असतं त्यांना रांग म्हणजे काय. तू त्यांचे पाय वाचवलेस आणि माझे घालवलेस."

"पण मी नसतो तर ती नापास झाली असती."

"झाली असती! नापास झालेलं पोर पुन्हा अभ्यास करतं. न शिकता पास झालेलं पोर साहेब होतं. आणि तू सांगितलंस ना, त्या बाईबद्दल, मूल घेऊन निघून गेली ती? ती कुठल्या सरासरीत धरतोस तू?"

उत्तरवाल्यांनी पुष्कळ सरासऱ्या काढल्या होत्या. पण खिडकीपर्यंत न पोचलेल्या माणसाचा वेळ कुठल्याच आकड्यात येत नाही, हे त्यांना घरच्या खुर्चीत कधी सुचलंच नव्हतं.

"मग आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"चूक काढणं माझं काम. दुरुस्त करणं तुझं," आत्या म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्यांनी वर्गप्रतिनिधीला फोन केला. ती आधी घाबरली, मग चिडली. "सर, मला त्या अहवालाचं बक्षीस मिळालंय. सगळ्यांसमोर फजिती होईल माझी!"

"माझी तर दुकानासकट होईल. आधी एक सकाळ माझ्याबरोबर रांगेत उभी राहा. नंतर ठरव."

मुलगी आली, तोंड फुगवून. घटकाभराने तिने फोन पिशवीत टाकला. दुपारपर्यंत ती प्रत्येक माणसाला तो कधी आला ते विचारत होती आणि कोणी रांग सोडली की मागे धावून कारण विचारत होती. पुढचे काही दिवस ती स्वतःहून येत राहिली, एकदा तर तासाला दांडी मारून. सरासरी तिनेच काढली. प्रोग्रॅम लिहिताना ती तीनदा अडली. तीनही वेळा उत्तरवाले शेजारी बसून राहिले आणि त्यांनी तोंडातून उत्तर निघू दिलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्या आठवड्यातलं सर्वांत अवघड काम तेच होतं.

दोघं गृहपाठ देणाऱ्या प्राध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाईंनी नवा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. रांग सोडून गेलेल्यांचा त्यात वेगळा भाग होता.

"बक्षीस परत घ्यावं लागेल," त्या मुलीला म्हणाल्या.

"घ्या, मॅडम," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण हा तेवढा आजच दवाखान्यात पाठवा. तिथले एक आजोबा औषध न घेताच जातात रोज."

बाईंनी अहवाल मिटला. "तुम्ही तिथे काय पाहिलंत, असं मी एकालाही विचारलं नव्हतं. आकडे नीटनेटके होते, मी खूश झाले. माझंही चुकलं." त्यांनी तिथल्या तिथे दवाखान्याच्या अधीक्षकांना फोन लावला.

खिडकी लगेच उघडली नाही. सरकारी कुलूप लावायला सोपं, काढायला जड! बाईंनी दोन चकरा मारल्या, मुलीने चार, उत्तरवाल्यांनी मोजल्या नाहीत. अखेर एका सोमवारी दुसऱ्या काचेमागे दिवा लागला.

उत्तरवाल्यांचं दुकानही बदललं. उत्तरं मागणारी पुष्कळ मुलं दुसरीकडे गेली, मिळकत रोडावली. जी राहिली ती आता त्याच जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, चुकतात, खोडतात, पुन्हा मांडतात. नेहमीची सूचना एकच : प्रश्न पहिल्या शब्दापासून वाचा.

मित्रहो, आपल्याही घरात आज कोणीतरी म्हणेल, "उद्या द्यायचंय, तूच करून दे ना!" माया आपल्याला आहे, म्हणून हात पुढे होतो. तेव्हा एवढं लक्षात ठेवू या : एकाचा गृहपाठ दुसऱ्याने केला की त्याची शिक्षा भोगायला तिसराच कोणीतरी रांगेत उभा असतो. आणि तो तिसरा आपल्याच घरातला निघेपर्यंत वाट पाहण्याचं काही कारण नाही.