लिंबाजीला मारणारं डुक्कर

मोटारीचं पुढचं दार उलटं होतं. बिजागरी मागे आणि कडी पुढे. भिंगाखाली ते दिसलं तेव्हा सिंधूला आनंदच झाला. ही ऑस्टिन नव्हे, हिलमनही नव्हे. जुनी फियाट अकराशे.

लातूर नवा जिल्हा झाला म्हणून जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरत होतं. फोटोंतल्या अनोळखी मोटारी ओळखून त्यांची नावं खाली लिहायची, हे काम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सिंधूकडे आलं होतं. हा फोटो बहात्तरच्या दुष्काळातला, रेणापूरकडच्या पाझर तलावाच्या कामावरचा. टोपल्या वाहणारी माणसं आणि त्यांच्यामागे ही गाडी. खात्री करायला तिनं ईश्वरप्पांना बोलावलं. जन्म ड्रायव्हरकीत गेलेला म्हातारा.

ईश्वरप्पा फोटो बघून दात नसलेल्या तोंडानं हसले. "हे तर आमचं डुक्कर की वो ताई."

"काय म्हणालात?"

"डुक्कर. मुंबईकडं ह्या फियाटीला तेच म्हन्तेत, मालकालाबी ठावं हुतं. थुतरी बघा की कशी. हनमंतराव मालकाची गाडी, म्या ड्रायव्हर. रोज बंद पडायची आन् कामावरला लिंबाजी ढकलायचा. मालकाच्या कानावर जाऊ नये म्हून आमी दोघंच म्हनायचो, आलं बघ डुक्कर."

सिंधूनं भिंग खाली ठेवलं. लिंबाजी तिचा बाप.

त्या दुष्काळात एका सांजेला तो गावाच्या वाटेवर पडलेला सापडला होता. घरी आणला तेव्हा एवढंच बोलला, "डुकरानं मारलं." रात्रीतच गेला. सिंधूची आई धुरपताबाई तेव्हा तिच्या धाकट्या भावाची बाळंतीण होती, त्या कामावर कधी गेलीच नव्हती. तिनं ऐकलं तेच सांगितलं आणि पंचनाम्याच्या कागदावर रानडुक्कर आलं. शिवारात ढेकळांशिवाय काही उभं नव्हतं, उसाचं कांडं नव्हतं, त्यात रानडुक्कर लपलं कुठं, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा लातुरात शिकायला असलेल्या आपणही विचारलं नाही, हे सिंधूला आठवलं. ती विज्ञान शिकलेली होती.

"लिंबाजी कसा मेला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मेला?" ईश्वरप्पांनी फोटो खाली ठेवला. "मला मालकानं लांब इस्लापूरच्या कामावर धाडलं, एकाएकी. एका सांजी किल्ली मागून घेतली, सोता चालवत गेले. सकाळी गाडीचा एक डोळा फुटलेला. म्हनले, बाभळीला घासली. त्याच दिशी मला मोटारस्टँडवर सोडलं."

सिंधूनं त्याच कामाचे बाकीचे फोटो काढले आणि बांधाच्या उंचीप्रमाणे ओळीनं लावले. बांध गुडघ्याएवढा, तेव्हा गाडीचे दोन्ही दिवे शाबूत. बांध डोक्याच्या वर, तेव्हा डावीकडं नुसती खोबण आणि मडगार्ड वाटीसारखं आत गेलेलं. बाभळीला घासलेली गाडी ओरखडते. हिच्यावर ओरखडा नव्हता.

घरी धुरपताबाई ज्वारी निवडत बसली होती. सिंधूनं सांगितलं. आईनं सूप बाजूला सारलं.

"त्याची मांडी मोडली होती," ती म्हणाली. "कातडं कुटं फाटलं नव्हतं. म्या म्हनलं, कसलं डुक्कर हे, ज्याचा सुळा लागला न्हाई." मग हातातला खडा फेकून, "दिसल त्या डुकराला दगड घातला म्या. मुक्या जनावराला. आन् ह्या हनमंतरावाला वाटंत भेटला की पदर सावरून रामराम."

सकाळी दोघी प्रदर्शनात गेल्या. हणमंतराव आता समितीचे अध्यक्ष होते. पाहुण्यांना घेऊन फोटोंपुढून फिरत होते.

"ही बघा, आपल्या लिंबाजीची लेक. गाड्या ओळखायलीय," ते म्हणाले. "ओळखली का गं आमची?"

"तुमचीच आहे ना नक्की?" सिंधूनं विचारलं.

"मग कुणाची? पंचक्रोशीत दुसरी नव्हती."

पाहुणे हसले. सिंधूनं बांध उंच असलेल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा दिवा कशानं फुटला?"

"बाभळीला घासली असंल. कोण ध्यानात ठेवतंय?"

"दिवा जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर येतो. माझ्या वडिलांची मांडीच मोडली होती. त्याच दिवसांत."

हणमंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हात पुढं आला आणि त्यांनी तो फोटो खिळ्यावरून उतरवला. "हा काही बरा आलेला न्हाई. काढून टाका."

"बाकीचे तर याहून पुसट आहेत," सिंधू म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, फक्त शब्द तुटत होते. "टांगा तो परत."

"पोरी, तुझा बाप सोता बोलला होता ना? काय बोलला? इचार तुझ्या आईला."

"डुक्कर बोलला," धुरपताबाई म्हणाली. "खरंच बोलला. आमाला त्याचं बोलनं कळलं न्हाई, मालक. तुमाला कळलं होतं. तुमी माझ्या दारात बसून, रानडुकरं लई माजलीत म्हनला होता."

पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, "कसलं डुक्कर म्हणायचं हे? काय भानगड आहे?"

हणमंतराव फोटो काखेत धरून दाराकडे वळले. धुरपताबाईनं त्यांच्या कोटाची बाही पकडली. मजुरीनं राठ झालेल्या त्या बोटांतून कापड सुटेना.

"उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "पोरगी सांगायलीय."