परतीचा रुपया

कर्नाटकातल्या आळंदच्या बसस्टँडसमोर पूर्वी एक नेट कॅफे होता. आता तिथे मोबाइलचं दुकान झालंय, काचेमागे रंगीबेरंगी कव्हरं टांगलेली असतात. धनलक्ष्मी खजुरीहून तालुक्याला आली की त्या दुकानापुढे उगाचच घडीभर थांबते. दुकानदाराला वाटतं, बाईला कव्हर घ्यायचंय. त्याला काय ठाऊक, या बाईने इथे ताशी वीस रुपये मोजून दोन वर्षं काढली आणि त्या दोन वर्षांइतकी ती पुन्हा कधी जगली नाही.

दोन हजार दहाचं साल. धनलक्ष्मीचा नवरा भीमराज पुण्याला कंपनीत लागला होता. दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने वडील सिद्धराम यांच्यामागे टुमणं लावलं होतं, की घोंगड्याचा माग आता पुरे, विणायला पाय सोडून बसायचा तो खड्डा बुजवा आणि इकडे या. धनलक्ष्मीच्या या सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या आजोबांनी मेंढरं सोडून हा माग घातला होता, आणि घरात मागाचा खड्डा आधी, भिंती नंतर, असं ते कौतुकाने सांगत. शेवटी बापलेकांत बोली झाली. दिवाळीपर्यंत मागाच्याच कमाईवर पुढच्या वर्षाची लोकर भरता आली, तर माग राहील. नाही आली, तर अप्पा स्वतःच्या हाताने खड्डा बुजवतील. अप्पा शब्दाचे इतके पक्के, की त्या पक्केपणाचीच धनलक्ष्मीला धास्ती.

खजुरीच्या बाजारात तेव्हा घोंगडं कोण घेणार? पाचशेला दोन मिळणारी मऊ, फुलाफुलांची ब्लँकेटं येऊन पडली होती. धनलक्ष्मी बी.कॉम. झालेली. तिने नेट कॅफेत बसून, हातमागाच्या वस्तू परदेशात विकणाऱ्या एका साइटवर घोंगड्यांचे फोटो चढवले. भाव ठेवला चाळीस डॉलर, टपालखर्च गिऱ्हाइकाचा. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आठवड्यात पहिलं घोंगडं गेलं नॉर्वेला, हेल्गा नावाच्या बाईंकडे.

पेपरात डॉलर पंचेचाळीसला होता, म्हणजे अठराशे यायला हवेत. बँकेत पडले सोळाशे बावीस. धनलक्ष्मीने पासबुक दोनदा तपासलं. मग तिने कागद घेऊन छडा लावला. पैसे पोचवणाऱ्या कंपनीने आधी आपली फी म्हणून दोन डॉलर कापले. उरलेल्यांचे रुपये करताना पेपरातला भाव न लावता स्वतःचा लावला, चव्वेचाळीसचा. आणि रक्कम छोटी म्हणून खात्यावर टाकायचे वर पन्नास.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तितंबी आडत हाय म्हन की?"

आडत म्हटल्यावर सगळं सोपं झालं. आळंदच्या अडतीवर तूर नेली की दलाली जाते, हमाली जाते, तोलाई जाते, तशीच ही. धनलक्ष्मीने भाव पंचेचाळीस डॉलर केला आणि दर वेळी पैसे काढण्याऐवजी ते कंपनीकडेच साठू दिले. एकदाच काढायचे, पन्नास एकदाच जातील. एवढ्या शहाणपणावर ती स्वतःवरच खूश होती.

पण अप्पांचा एक नियम होता. घोंगडं विकलं, की किमतीतला एक रुपया गिऱ्हाइकाच्या तळहातावर परत ठेवायचा. सगळीच किंमत घेतली तर उबेची बरकत जाते, असं त्यांच्या घरात मानत. तो रुपया गेल्याशिवाय अप्पा पुढच्या घोंगड्याला हात लावत नसत. परदेशातल्या माणसाच्या हातावर रुपया ठेवायचा कसा, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांच्या मुलुखात जो रुपया चालतो तो द्यायचा. म्हणजे डॉलर. धनलक्ष्मी इमानेइतबारे दर विक्रीमागे एक डॉलर परत पाठवू लागली. नऊ घोंगडी गेली, नऊ डॉलर परत गेले.

श्रावणात तिचं खातं गोठलं. कंपनीच्या यंत्राला दिसलं, की या दुकानदारीण बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला पैसे परत करतात. त्याअर्थी माल सडका असणार. जवळजवळ चारशे डॉलर अडकले, ते सहा महिने मिळणार नाहीत असा निरोप आला. सहा महिने म्हणजे संक्रांत उलटणार. तोवर खड्ड्यावर शेणसारवणसुद्धा वाळलं असतं.

तिने खरं ते लिहिलं. रीत सांगितली, बरकत सांगितली, इंग्रजीत बरकतीला शब्द सापडेना म्हणून अर्धं पान खर्ची घातलं. उत्तर आलं, हे कारण ग्राह्य नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुणा माणसाने उत्तर दिलं असावं. त्याने लिहिलं होतं, की पैसे परत करणं ही आपली चूक होती आणि ती पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या, लगेच सोडतो.

कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरपुढे ती तासभर बसून राहिली. मग लिहून दिलं. आमची चूक होती. पुन्हा होणार नाही. पाठवताना तिला रडू फुटलं, आणि कॅफेवाल्याने बिचाऱ्याने त्या तासाचे पैसे घेतले नाहीत.

दिवाळीला चार दिवस असताना रक्कम सुटली. लोकर आली. भीमराज आला, पोत्यांकडे बघून हसला आणि खड्ड्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. अप्पांना तिने एवढंच सांगितलं, की कंपनीचा घोटाळा होता, मिटला. मागावर पुन्हा खटखट सुरू झाली.

त्यानंतर दर विक्रीला अप्पा मागावरून मान न उचलता विचारायचे, "रुपया गेला का गं, धनव्वा?"

ती खाली बघून म्हणायची, "व्हय अप्पा, गेला."

त्यावर आडवा दोरा नेणारा धोटा पुन्हा हलायचा. असं सव्वा वर्ष चाललं. डॉलर चढला, फी वाढली, ती हिशोब बसवत राहिली. तेवढं एक 'व्हय' मात्र तिला दर वेळी जड जायचं. बाकी कुठेही खोटं न बोलणारी पोर होती ती.

मग एका दुपारी कॅफेत मेलवर हेल्गाबाईंचं पत्र आलं. त्यांनी आदल्या हिवाळ्यात नातवासाठी दुसरं घोंगडं घेतलं होतं. ते धुताना कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं, म्हणून शिवण उसवली, तर आत एक नाणं. फोटोही पाठवला होता. एक रुपया, लोकरीच्या दोऱ्याने नीट गुंडाळलेला. पहिल्या घोंगड्यात असं काही नव्हतं, यात आहे, तर ही तुमच्याकडची काही रीत आहे का, असं बाईंनी विचारलं होतं. आपण ते परत शिवून ठेवलंय, हेही कळवलं होतं.

धनलक्ष्मी पहिल्या बसने घरी आली. नॉर्वेच्या बाईंचं पत्र आलंय, एवढंच तिने दारातून आत सांगितलं. पाठवायची तीन घोंगडी ओसरीवर घडी करून ठेवलेली होती. तिने एकेकाचा कोपरा चाचपला. तिन्हीत होता. कोपऱ्याची दुमड शिवायचं काम अप्पा कधीच दुसऱ्या कुणाला देत नसत. म्हणजे पहिल्या खोट्यापासूनच म्हाताऱ्याने ओळखलं होतं. सुनेला खोटं पाडलं नाही, रुपयाही चुकवला नाही. तिचं 'व्हय' खरं व्हावं म्हणून सव्वा वर्ष कोपरे शिवत राहिला.

तिला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर अप्पांनी इतके दिवस झाकलेलं उघडं पडलं असतं.

मागाची खटखट थांबली. "नार्वेच्या बाईचं पत्र आलंय म्हनं. काय म्हनायल्यात?"

ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघून बोलली.

"रुपया पोचला म्हनायल्यात, अप्पा."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग ते धोटा शोधू लागले, जो त्यांच्या हातातच होता.