आंधळ्याची चाल

प्रोफेसर बॅसिल क्रेन रिंगच्या दिशेने चालू लागला की अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलच्या सभागृहात लोक उठून उभे राहत. ते थुंकण्यासाठी. जांभळा मखमली कोट, चांदीच्या मुठीची काठी, वर केलेली हनुवटी. तो स्वतः कुस्ती खेळत नसे. तो दुष्ट पैलवानांचा मॅनेजर होता. त्यांच्या वतीने बोलायचं, पंचाची पाठ वळली की समोरच्याच्या पायात काठी घालायची आणि शेवटी सगळ्यांसमोर मार खायचा, हा त्याचा धंदा. एका म्हातारीने त्याच्या मांडीत टोपीची पिन खुपसली होती आणि एका खाणकामगाराने बरगडीत चाकू. "पिन म्हणजे शालान्त परीक्षा," तो म्हणे, "चाकू म्हणजे पदवी."

त्याचं खरं नाव ऑर्व्हिल टॅकेट. हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या ग्रंथालयाच्या कार्डावर तेच होतं. मी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसत असे. चार माणसांत तोंड उघडायची मला तेव्हाही लाज वाटे, आजही वाटते. तो मंगळवारी यायचा, साध्या सदऱ्यात, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि हळू आवाजात विचारायचा, "लोकांना कळणार नाही पण झोंबेल, असा एखादा शब्द आहे का हो?" मी शोधून द्यायचो. शनिवारी सकाळी टीव्हीवर तोच शब्द तो हजारो लोकांच्या तोंडावर फेकायचा. मला उगाच वाटायचं की मीच बोललो. हे सांगण्यासारखं आहे की नाही, कोण जाणे.

शाळा त्याने लहानपणीच सोडली होती. स्लेट फोर्क नावाच्या डोंगरातल्या खाणवस्तीत तो वाढला, जत्रांमधून कुस्त्या खेळला, पाठ मोडली, तोंड तेवढं शाबूत राहिलं. मग त्याने प्रोफेसरची भाषा उचलली आणि ती इतकी वर्षं वापरली की त्याच्या आवाजात डोंगर उरलाच नाही.

त्या धंद्याचा एक नियम होता. कुस्तीचा निकाल आधी ठरतो, हे बायकोलाही सांगायचं नाही. सज्जन आणि दुर्जन यांनी एका टेबलावर जेवायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही. टीव्हीवर ज्याचा पाय मोडला त्याने घरीही प्लास्टर घालून बसायचं. ऑर्व्हिलच्या दोन बायका सोडून गेल्या. दोघींनाही त्याने काही सांगितलं नव्हतं. मलाही कधी सांगितलं नाही. पण शनिवारच्या रागाचे शब्द जो माणूस मंगळवारी निवडतो, त्याच्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

त्या वसंतात प्रोफेसरने ड्यूई स्टॅलर्डच्या डोळ्यांत चुना फेकला. ड्यूई म्हणजे त्या भागाचा लाडका पैलवान, हसरा, सोनेरी केसांचा. दृष्टी परत येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं टीव्हीवर वाचून दाखवलं. मग दर शनिवारी ड्यूई डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधून यायचा, चाचपडत माइक शोधायचा, मान किंचित डावीकडे कलती करून. बायका रडायच्या. जुलैत, एरवी न खेळणाऱ्या प्रोफेसरचा ड्यूईशी सामना ठरला होता आणि तिकिटं केव्हाच संपली होती.

जून महिन्यात ऑर्व्हिल ग्रंथालयात आला, पण शब्द मागायला नाही.

"माझी आई आजारी आहे," तो म्हणाला. "छातीत पाणी झालं आहे. बहिणीचा फोन आला होता. आई म्हणते, त्या मुलासमोर गुडघे टेकून माफी मागितल्याशिवाय ऑर्व्हिलने मला तोंड दाखवू नये."

"तिला खरं सांगा ना," मी म्हणालो. तेवढंही मी कसं बोललो याचं मला नवल वाटलं.

"हॉइटला विचारलं." हॉइट बर्जेस म्हणजे कुस्त्या भरवणारा मालक. "तो म्हणाला, 'अरे, माझ्या बायकोला अजून वाटतं माझा पाय खरंच मोडला होता. तू आज आईला सांग, बुधवारच्या प्रार्थनेपर्यंत अख्ख्या चर्चला कळेल. मग तू आणि ड्यूई दोघं मिळून शेंगदाणे विका.'" त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझे वडील खाणीच्या स्फोटात आंधळे झाले. तिने त्यांना मरेपर्यंत सांभाळलं. मी दुसरं काहीही केलं असतं तरी तिने पोटात घातलं असतं."

त्याला आईने मरण्याआधी एकदा त्याच्याकडे बघायला हवं होतं. एवढंच. आणि नियमही मोडायचा नव्हता. म्हणून त्याने मधला मार्ग काढला: ड्यूईला पट्टीसकट आईसमोर न्यायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत माफी मागायची. त्याच्या गाडीची चारही टायर लोकांनी आदल्या आठवड्यात फाडले होते. माझी जुनी गाडी होती.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. ड्यूई मागच्या सीटखाली गोधडी पांघरून पडला होता.

"प्रोफेसर, या गोधडीला मांजरीचा वास येतोय," तो खालून म्हणाला.

"गप्प पड. तू घरी अंधारात बसून देवाचा धावा करतो आहेस."

"चार महिने धावा करतोय. बायको सोडून कुणाशी बोललो नाही. खरा आंधळा झालो असतो तर निदान शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं असतं."

"बोलावतात की. परवा केक कोणी खाल्ला?"

"तो केक सहानुभूतीचा होता, मोजायचा नसतो." गोधडी हसून हलली. मग तो वेगळ्या आवाजात म्हणाला, "ऑर्व्हिल, म्हातारीला काय सांगू?"

"सांग की माफ केलं. बाकी तुला येतंच."

स्लेट फोर्कच्या अलीकडे ड्यूई उठून बसला आणि पट्टी बांधली. घराच्या ओट्यावर ऑर्व्हिलची बहीण लोरीन उभी होती. पट्टी बघून तिने तोंडावर हात घेतला.

"या हो या. पायरी हाय बघा, सांबाळून," ती ड्यूईला म्हणाली. भावाला म्हणाली, "तुला आज तरी लाज वाटली म्हनायची."

आई, व्हर्ना, खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. पाय सुजले होते, चेहरा मात्र वाळून कातळासारखा झाला होता. मी दाराशीच थांबलो. आत जावं की नाही ते मला कळेना. ड्यूई चाचपडत आत गेला, खुर्चीची पाठ हाताने शोधली, मान डावीकडे कलती करून आवाजाचा अंदाज घेतला. ऑर्व्हिलने त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"ड्यूई, मी तुझा अक्षम्य अपराध केला आहे," तो म्हणाला. आवाज शनिवारचाच होता. त्यातला 'अक्षम्य' माझा होता.

"मी माफ केलं, बाई," ड्यूई म्हणाला. "मनापासून केलं."

व्हर्नाने मुलाकडे पाहिलं नाही. "हिकडं ये, लेकरा," ती ड्यूईला म्हणाली. "आमच्यात उघड्या डोळ्यांवर हात ठिवून प्रार्थना करत्यात. पट्टी सोडते मी."

"आई, डॉक्टरांनी मनाई केली आहे..."

"डाक्तराला काय कळतंय. तुज्या बापाच्या पट्ट्या मीच सोडत हुते."

तिने गाठ सोडली. ड्यूईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिने बशीतल्या तेलात बोटं बुडवली, त्याच्या पापण्यांवर टेकवली आणि ओठांतल्या ओठांत बराच वेळ पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "उघड."

ड्यूईने डोळे उघडले आणि समोर कुठेतरी शून्यात लावले. तो आपल्या कामात हुशार होता. पापणीही हलली नाही. व्हर्ना लोरीनला म्हणाली, "पडदा सार गं जरा." लोरीनने पडदा बाजूला ओढला आणि दुपारचं ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं.

म्हातारी त्याच्या डोळ्यांत वाकून बघत होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग तिने पट्टी उचलली, पुन्हा त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि गाठ नीट बसली का ते बोटाने पाहिलं.

"लोरीन, पोराला आत ने. मक्याची भाकर हाय, घेवडा हाय, खाऊ घाल त्याला."

ते दोघे गेल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्ये मान कलती करनं कुनी शिकवलं त्याला?"

ऑर्व्हिल अजून गुडघ्यांवरच होता.

"उन्हात बाहुल्या बारीक झाल्या त्याच्या. दर शनिवारी बगायची मी. म्हनायची, समदी आंदळी मानसं अशीच मान करत असतील. खुर्चीच्या पाठीवर आदी करंगळी ठिवायची, मग हात. तुजा बाप अ‍ॅमॉस तसंच करायचा. तू त्याचं बोट धरून हिंडायचास, तवा शिकलास व्हय रं?"

"आई, त्याला काही झालेलं नाही. ती टाल्कम पावडर होती. मी कुणालाही कधी इजा केली नाही, आई. संपूर्ण आयुष्यात नाही."

त्याने नियम मोडला होता. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मग मी चार म्हैने रडले कुनासाटी?" ती म्हणाली. "बरं, त्ये जाऊ दे. पाप करून आला असतास तर जवळ घेतलं असतं. पाप धुता येतं. तू तर बापाचं आंदळेपन इकलंस. तिकीट लावून."

"आई, माझ्याकडे एकदा पाहा."

"माज्याशी असा का बोलतूस? मास्तरावानी? माजा ऑर्व्हिल असा बोलत नव्हता. त्यो आला की पाटवून दे."

त्याने तोंड उघडलं. मी दारातून बघत होतो. घरची बोली तो आत शोधत होता, हे दिसत होतं. शब्द आला नाही. म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं.

आम्ही निघायच्या आत गावचा पाद्री आला. व्हर्नाने त्याला सर्वांसमोर सांगितलं, "त्या ड्यूईचं नाव प्रार्थनेत चालू ठिवा. पोराला दिसत न्हाई अजून." स्वयंपाकघरात ड्यूईच्या हातातला घास तसाच राहिला. ऑर्व्हिल बाहेर येऊन माझ्या गाडीला टेकला.

"जन्मात कधी खोटं बोलली नाही ती," तो म्हणाला. ड्यूई न सांगता पुन्हा गोधडीखाली शिरला.

आठवडा सरायच्या आत व्हर्ना गेली. लोरीनने भावाला कळवलं, पण चर्चच्या माणसांनी त्याला शवपेटीला खांदा देऊ दिला नाही. तो कुंपणाबाहेर माझ्या गाडीपाशी उभा राहिला. एक बाई जाताना त्याच्या कोटावर थुंकली. त्याने ते पुसलं नाही.

सामन्याच्या दिवशी स्लेट फोर्कचं चर्च बसने आलं. पुढच्या रांगा त्यांनीच भरल्या होत्या. ड्यूईने रिंगमध्ये पट्टी सोडली, दिव्यांकडे पाहिलं, आणि "दिसतंय!" म्हणून ओरडला. बायका उभ्या राहून स्तोत्र म्हणू लागल्या. माझ्या शेजारची एक म्हातारी मला हलवून सांगत होती, "व्हर्नाची प्रार्थना फळली हो! आईनं डोळे दिले, ज्यानं घेतले त्याच्याच आईनं!"

प्रोफेसरने ठरल्याप्रमाणे मार खाल्ला. शेवटी ठरल्याप्रमाणे तो ड्यूईसमोर गुडघ्यांवर आला. दयेची याचना करण्यासाठी मी त्याला दोन सुंदर वाक्यं लिहून दिली होती. ती तो म्हणाला नाही. माइक त्याच्या तोंडाशी होता. तो ड्यूईकडे नाही, पुढच्या रांगेकडे बघत होता.

"मला माफ कर गं," तो म्हणाला. "चुकलं माजं. माफ कर."

क्षणभर सगळं शांत झालं. मग कोणीतरी ओरडलं, "बघा बघा, आता आपली नक्कल करतोय!" आणि सभागृह हसून कोसळलं. व्हर्नाच्या चर्चमधल्या बायका सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. ड्यूई एकटा हसला नाही. तो खाली वाकून त्याला काहीतरी पुटपुटला आणि मग ठरलेली शेवटची लाथ त्याने हळूच घातली.

हॉइट बर्जेसला ते फार आवडलं. खेडवळ बोलीत गयावया करणारा प्रोफेसर, असं आजवर कोणी केलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात प्रत्येक गावात त्याला तेच करायला लावलं. गुडघ्यांवर यायचं, माइक धरायचा, आणि आईच्या बोलीत माफी मागायची. लोक तिकीट काढून ते ऐकायला येत. मंगळवारी माझ्याकडे येणं त्याने बंद केलं. त्याला आता शब्दांची गरज राहिली नव्हती.