न्हाव्याने जीभ वाहिली

गल्लीतल्या न्हाव्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या घरी कोण रुसून बसलं, हे सगळं आधी त्याच्या खुर्चीत कळायचं.

या भोंग्याने स्वतःला मरियामातेला समर्पित करायचं ठरवलं. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की तिच्या मूर्तीसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, ‘आई, माझे डोळे, कान, हात, जीभ, सगळं आजपासून तुझं.’ तो रोज घरी सराव करू लागला. जिभेपाशी आला की खोकायचा आणि पुढे जायचा.

“अहो, जीभ गिळलीत,” बायको म्हणाली.

“मग काय करू? आईसमोर खोटं बोलू? ही जीभ माझ्याच्याने दिली जायची नाही.”

“खरंच आहे. जिभेला हाड नसतं, त्यात तुमची!”

हे त्याला झोंबलं. जमतं का बघू, म्हणून शनिवारी त्याने दुकानात तोंडच उघडलं नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, “कोण गेलं?” दुसऱ्याला वाटलं, दाढ दुखतेय. तिसऱ्याला ‘हलू नका’ सांगायचं राहिलं आणि बिचाऱ्याचा एक कल्ला अर्धाच उरला.

तेवढ्यात फादर केस कापायला आले. न्हाव्याने खुणेनेच खुर्ची दाखवली.

“काय रे, आज भोंगा बंद?”

आता त्याला राहवेना. “फादर, उद्या जीभ आईला द्यायचीय. म्हणून वापरणं सोडून बघतोय.”

फादर इतके हसले की गळ्याभोवतीचं फडकं सुटलं. “अरे वेड्या, हातही देणार आहेस ना? मग सोमवारपासून दुकानाला टाळं का?”

“छे!”

“मग जिभेलाच का? बोल की भरपूर. फक्त आता ती कोणाची, ते विसरू नकोस.”

रविवारी तो जिभेपाशी खोकला नाही. ‘जीभ’ एवढ्या जोरात म्हणाला की मागच्या बाकावर झोपलेलं बाळ दचकून उठलं.

सोमवारी शिंपी खुर्चीत बसला. “भोंग्या, कंपाउंडरच्या पोरीचं लग्न मोडलं म्हणे. आतली गोष्ट काय?”

आतली गोष्ट त्याला ठाऊक होती. अगदी ओठांवर आली होती. बाकावर नंबर लावून बसलेले दोघे पुढे सरकले. कात्री हवेतच थांबली.

“ठाऊक आहे,” न्हावी म्हणाला, “पण सांगणार नाही. ही जीभ आता माझी राहिली नाही.”

“म्हणजे आम्ही काय भिंतीकडे बघत बसायचं?”

“भिंतीकडे कशाला? माझ्या लग्नाचं ऐक. घाईत मी सासऱ्यांची ढगळ पँट चढवली आणि एका हाताने ती धरूनच फादरसमोर उभा राहिलो. अंगठी घालायची वेळ आली, तर एका हातात पँट, दुसऱ्यात अंगठी, नवरीचा हात धरू कशाने?”

बाकावरचे दोघे एकमेकांच्या अंगावर कोसळले. शिंपी तर खुर्चीसकट गदगदू लागला.

“हस बाबा, पोटभर हस,” न्हावी ओरडला, “पण तुझा कान कात्रीत आहे!”